सुभेदारांचे निवृत्तिवेतन आणि बाबासाहेबांचे अर्थशास्त्र

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात बाबासाहेबांच्या बालपणाविषयी बोलत होतो. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेतून निवृत्त झाले, कुटुंब काही काळ दापोलीला राहिले आणि मग साताऱ्यास आले, एवढे सांगून मी पुढे जाणार, तोच मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, नोकरी संपल्यावर त्यांचे घर कशावर चालायचे?" मी म्हणालो, "पेन्शनवर, आणि नंतर मिळालेल्या छोट्या नोकरीवर." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "माझी आजी चाळीस वर्षे दुसऱ्याच्या उसात राबली. तिला नाही का पेन्शन?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ठाऊक होते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मला बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राकडे पुन्हा जावे लागले. हा लेख त्या वाचनातून झाला. स्मरणिकेच्या वाचकांत माजी विद्यार्थी आहेत, पालक आहेत, गावातील उपासक-उपासिका आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या घरी निवृत्तिवेतन आहे, ते यावे म्हणून धडपड आहे, किंवा ते कधीच येणार नाही हे ठाऊक आहे. म्हणून हा विषय येथे अस्थानी ठरू नये.

आरंभ आपल्याच रेल्वेमार्गावरून करतो. किर्लोस्करवाडीच्या स्थानकास पूर्वी कुंडल रोड म्हणत. तेथून कऱ्हाडच्या दिशेने गेले की शेणोली लागते, कऱ्हाड मागे पडल्यावर मसूर. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघून या मसूर स्थानकावर उतरली. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळाने गांजलेल्यांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. पुढची हकिकत आपल्या मुलांना पाठ आहे : मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना, शेवटी दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे, असे ठरले.

ही हकिकत आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. अर्थशास्त्राच्या नजरेने तिच्यात आणखी काही दिसते. त्या कुटुंबाच्या हातात त्या काळी दोन प्रकारचा सरकारी पैसा येत होता. एक, लष्करी सेवेचे निवृत्तिवेतन. दुसरा, दुष्काळी कामावरील वेतन. दोन्ही पैसे रोख होते आणि दोन्ही गावच्या पाटलाच्या हातून येत नव्हते. गाडीवानाने दुप्पट भाडे मागितले तेव्हा ते देण्याइतके पैसे त्या मुलांजवळ होते, ही बाब मला आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. पैशाने अपमान टळला नाही, पण प्रवास झाला.

रोखीचे महत्त्व कळण्यासाठी महारकी म्हणजे काय होते ते आठवावे लागेल. महार हा सरकारचा गावकामगार. सारावसुलीला वर्दी द्यायची, सरकारी टपाल न्यायचे, मेलेल्या गुरांची विल्हेवाट लावायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, दिवसरात्र बांधिलकी. मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन आणि रयतेकडून मिळणारे बलुते. काम सरकारचे आणि पगार देणार गाव, अशी ही व्यवस्था होती. बलुते देणारा नाराज झाला की बलुते बंद. म्हातारपणी तर प्रश्नच नाही, कारण वतनदाराला निवृत्तीच नसते. बाप थकला की मुलाने काठी हाती घ्यायची. सरकारच्या जमाखर्चात या नोकराचा खरा खर्च कधी दिसलाच नाही, कारण तो खर्च त्या नोकराच्या पोटातून आणि मानहानीतून भागवला जात होता.

याउलट लष्करातून निवृत्त झालेल्या महार शिपायाला दरमहा नेमकी रक्कम मिळे. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या सैन्यात शिपायांच्या मुलांना शिक्षण मिळत असे, हे बाबासाहेबांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. दापोली आणि सातारा येथे अशा निवृत्त सैनिकांची वस्ती होती आणि अस्पृश्यांच्या चळवळीचे पहिले अर्ज-विनंत्या याच वर्गातून निघाल्या. दापोलीच्या परिसरातील गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्त सैनिकच. १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा आजच्या नोकऱ्या गेल्याच, पण वीस-पंचवीस वर्षांनंतरची निवृत्तिवेतनेही गेली. वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी जे अर्ज केले त्यांच्याकडे आपण शौर्याच्या अभिमानाने पाहतो; त्यांत म्हातारपणाच्या भाकरीचा हिशेबही होता असे मला वाटते.

अशा निवृत्तिवेतनधारकाच्या मुलाने पुढे सरकारी जमाखर्च हाच आपल्या संशोधनाचा विषय निवडला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रामजी वारले होते. १९१५ साली त्यांनी 'ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था' हा प्रबंध एम. ए. साठी लिहिला. नंतरचा प्रबंध वाढवून १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकाने 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती' म्हणून प्रसिद्ध केला. त्याला त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे, आणि या विषयाच्या मूलतत्त्वांचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या पाहण्यात नाही अशी कबुली त्यांनी तीत दिली आहे. मधल्या काळात, १९२३ साली, लंडनमध्ये 'रुपयाचा प्रश्न' सिद्ध झाला होता. तिन्ही ग्रंथांचे विषय वरवर कोरडे आहेत. आपल्या घराघरांत बाबासाहेबांचे ग्रंथ असतात, पण हे तीन फार कमी घरांत उघडले जातात. घटनाकार बाबासाहेबांना आपण हार घालतो आणि अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांना कपाटात ठेवतो.

प्रांतिक अर्थव्यवस्थेचा ग्रंथ थोडक्यात समजून घेऊ. १८३३ च्या सनदी कायद्याने सर्व प्रांतांचा पैशाचा अधिकार कलकत्त्याच्या सरकारकडे गेला. महसूल गोळा करायचा मुंबई, मद्रास आणि इतर प्रांतांनी. तो जमा व्हायचा मध्यवर्ती खजिन्यात. खर्चाला मंजुरी मागायची पुन्हा कलकत्त्याकडे. परिणाम काय झाला? प्रांतांना काटकसर करण्याचे कारण उरले नाही. वाचवलेला पैसा आपल्याला मिळणार नाही आणि उधळलेल्या पैशाचा जाब आपल्याला द्यावा लागणार नाही, हे प्रत्येक प्रांताला कळले. जो जास्त ओरडेल त्याला जास्त मिळे. त्यात १८५७ च्या उठावाच्या खर्चाने खजिना कर्जात बुडाला. १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिला अर्थसंकल्प मांडून प्राप्तिकर आणला. शेवटी १८७० च्या डिसेंबरात लॉर्ड मेयो यांच्या सरकारने तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते अशी काही खाती प्रांतांकडे सोपवली आणि त्यांसाठी ठोक नेमणूक बांधून दिली. तीही थोडी कात्री लावूनच.

इतिहासकार याला स्थानिक स्वराज्याची पहाट म्हणत. बाबासाहेबांनी जमाखर्चाचे तक्ते मांडून दाखवले की हा उदारपणा नव्हता, तंगीतून काढलेली वाट होती. १८७१-७२ पासून ठोक नेमणूक, १८७७-७८ पासून काही महसूल नेमून देणे, १८८२-८३ पासून १९२१ पर्यंत महसुलाची वाटणी, असे त्यांनी या व्यवस्थेचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याला एकच कसोटी लावली : पैसा उभा करणारा कोण, खर्च करणारा कोण, आणि त्याबद्दल जाब कोणाला द्यायचा? या तीन गोष्टी एकमेकींपासून तुटल्या की कारभार बेजबाबदार होतो. त्यांच्या आकडेवारीचा कंटाळा येणाऱ्या वाचकानेही ही कसोटी लक्षात ठेवावी.

आणखी एक गोष्ट त्या ग्रंथात आहे आणि ती वाचताना मी थबकलो होतो. लोकांना जबाबदार नसलेले सरकार समाजसुधारणा का करीत नाही, याचा विचार बाबासाहेब अर्थशास्त्राच्या पुस्तकात करतात. जातिव्यवस्थेला हात घालणे किंवा चहामळ्यांच्या मालकांवर कर बसवणे, दोन्ही त्या सरकारच्या धाडसापलीकडचे होते. कारण दोन्हींत विरोध ओढवून घ्यावा लागला असता. जात आणि कर एकाच परिच्छेदात आणणारा दुसरा अर्थशास्त्रज्ञ माझ्या वाचनात नाही.

निवृत्तिवेतनाचा संबंध या संशोधनाशी दोन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण आपल्या परिचयाचे आहे. भारताच्या महसुलातून दरवर्षी इंग्लंडमध्ये जो खर्च भागवला जाई, त्यात कर्जावरचे व्याज होते, लष्कराचा खर्च होता, खरेदी केलेला माल होता, आणि निवृत्त होऊन मायदेशी परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने होती. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त मांडताना यावर बोट ठेवले होते; १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोखल्यांनी सरकारी खर्चाची चिरफाड केली. साताऱ्याच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून इंग्लंडमधील एखाद्या गावी बसलेल्या निवृत्त साहेबाचे घर चालत होते. निवृत्तिवेतन ही वाईट गोष्ट नव्हती; ते देणाऱ्याला घेणाऱ्याची सेवा कधीच मिळाली नव्हती आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते, हा अन्याय होता.

दुसरे ठिकाण रुपयाचे. ही रक्कम पौंडांत द्यावी लागे, आणि भारताचा महसूल चांदीच्या रुपयांत येई. १८७३ नंतर चांदी सोन्याच्या तुलनेत उतरत गेली. जो रुपया साधारण दोन शिलिंगांचा होता तो १८९० नंतरच्या दशकात सव्वा शिलिंगाच्याही खाली घसरला. तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये, म्हणजे अधिक कर. १८९३ साली टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या, आणि त्याच सुमारास रुपया घसरल्याने नुकसान होते म्हणून युरोपियन अधिकाऱ्यांना भरपाईचा भत्ता मिळू लागला. कुळंबी आणि महार यांना धान्य महागले म्हणून कोणी भत्ता दिला नाही. बाबासाहेबांनी 'रुपयाचा प्रश्न' मध्ये केन्स यांच्यासारख्या मान्यवराशी मतभेद पत्करून सांगितले की रुपयाचा परदेशी भाव स्थिर ठेवण्याहून देशातील त्याची खरेदीशक्ती स्थिर ठेवणे महत्त्वाचे आहे, आणि चलन वाढवण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडता कामा नये. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. बांधलेल्या रकमेवर जगणाऱ्या माणसाला हा वाद पुस्तकी वाटणार नाही. महागाई वाढते आणि रक्कम तीच राहते, तेव्हा कोणताही कायदा न बदलता त्याचे निवृत्तिवेतन कापले गेलेले असते.

हे ज्ञान घेऊन बाबासाहेब मुंबई विधिमंडळात गेले. १९२७ च्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी विचारले की प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नाखालील माणसाला सूट आहे, मग शेतसारा गरीब-श्रीमंत न पाहता का घेतला जातो? शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात आणि दारूच्या अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल होतात, हेही त्यांनी सभागृहाला ऐकवले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी वतनाचे विधेयक मांडले. त्यातील मागणी आपण पूर्वी पाहिलेल्या कसोटीतूनच निघते : बलुत्याचे रोख पैशात रूपांतर करा आणि ते साऱ्याबरोबर सरकारनेच वसूल करून कामगाराला द्या, ज्याला वतनाची चाकरी नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखू द्या. ज्याचे काम त्याने पगार द्यावा आणि तो पगार सरकारच्या वहीत दिसावा, एवढीच ती मागणी. विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने मुंबई राज्यात रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात त्यांच्या खात्याने कामगार विम्याची पायाभरणी केली. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली आजारविम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी याहून पुढची मागणी केली : विमा व्यवसाय राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे बंधनकारक असावे. 'प्रत्येक प्रौढ' या शब्दांवर मी माझ्या प्रतीत रेघ ओढली आहे. सरकारी नोकर असे ते म्हणाले नाहीत, गिरणी कामगार असेही नाही.

संविधानात ते कलम त्या स्वरूपात आले नाही. जे आले ते असे. अनुच्छेद ४१ म्हणतो की राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळण्याची तरतूद करावी. मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्यासाठी न्यायालयात थेट दावा लावता येत नाही. अनुच्छेद ३६६ मध्ये निवृत्तिवेतनाची व्याख्या आहे आणि ती मुद्दाम वाचण्यासारखी आहे. अंशदायी असो वा नसो, कोणत्याही प्रकारचे निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्य निर्वाह निधीतून परत मिळणारी रक्कमही तीत येते. अनुच्छेद ११२ नुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांची निवृत्तिवेतने भारताच्या एकत्रित निधीवर भारित आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी संसदेत मतदान होत नाही. महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे बाबासाहेब ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत म्हणाले होते. म्हातारपण सुरक्षित असलेला माणूस तरुणपणी निर्भयपणे हिशेब तपासतो, हे त्या तरतुदीमागचे व्यावहारिक शहाणपण. खेड्यातील शिक्षकालाही ते लागू आहे, असे मी मुख्याध्यापकांना नेहमी गमतीने सांगत असतो.

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्काचा मोबदला आहे असे सांगितले. त्याच साली महाराष्ट्राचे निवृत्तिवेतनाचे नियमही झाले. मग वारे फिरले. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी जुनी योजना बंद केली. जुन्या पद्धतीत शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाईची वाढ सरकार त्या त्या वर्षीच्या महसुलातून देते. नव्या पद्धतीत कर्मचाऱ्याचे दहा टक्के आणि सरकारचे अंशदान (ते पुढे चौदा टक्के झाले) बाजारात गुंतवायचे आणि निवृत्तीच्या वेळी जमेल त्यावर भागवायचे. उदाहरण घेऊ. निवृत्तीच्या दिवशी एका शिक्षकाचे मूळ वेतन ६०,००० रुपये आहे आणि खात्यात ४० लाख जमले आहेत असे समजा. जुन्या हिशेबाने दरमहा ३०,००० आणि वर महागाई. नव्यात किमान चाळीस टक्के, म्हणजे १६ लाख, वार्षिकीत घालायचे. सहा टक्के दर धरला तर दरमहा ८,००० आणि त्यावर महागाईची वाढ नाही. उरलेले २४ लाख हाती मिळतात हे खरे. मुलीचे लग्न आणि घराचे कर्ज त्यांची वाट पाहत असतात हेही खरे.

मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर होते, ते याच कारणाने. त्यानंतर समिती नेमली गेली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि महाराष्ट्राने ती लगेच स्वीकारण्याचा निर्णय घेतला. पंचवीस वर्षांची सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी हमी तीत आहे, पण कर्मचाऱ्याचे अंशदान चालूच राहते. ज्यांची नेमणूक २००५ पूर्वीची आणि शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले, अशा शिक्षकांचा प्रश्न वेगळाच आहे. मी स्वतः त्या रांगेत उभा आहे, म्हणून या लेखात मी तटस्थ आहे असा दावा करीत नाही.

आमच्या समाजाच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. राखीव जागांचा अनुशेष भरावा म्हणून भांडता भांडता आमची पहिली-दुसरी शिकलेली पिढी कायम नोकरीत येत होती, आणि नेमके तेव्हाच कायम नोकरीतील कायमपणा कमी होऊ लागला. सैन्यभरतीचे दार १८९२ साली बंद झाले होते. या वेळी दार उघडे राहिले, पण आतली ओसरी काढून घेतली, असे मला वाटते.

तरीही बाबासाहेबांचा विद्यार्थी म्हणून त्यांची कसोटी स्वतःच्या मागणीलाही लावली पाहिजे. जुन्या योजनेत वचन देणारे सरकार आजचे आणि बिल भरणारे सरकार तीस वर्षांनंतरचे. १८३३ नंतरच्या प्रांतांप्रमाणे येथेही देणारा आणि भरणारा वेगळा झाला. तेव्हा मुंबई आणि कलकत्ता होते, आता आज आणि उद्या आहेत. माझे निवृत्तिवेतन ज्या कराच्या पैशातून येईल त्यात त्या मुलीच्या आजीने मीठमिरची, कापड आणि औषध घेताना भरलेला करही असेल. तिला मात्र त्यातून काय परत मिळते? राज्याच्या श्रावणबाळ योजनेत पासष्ट वर्षांपुढील निराधाराला दरमहा १,५०० रुपये मिळतात, आणि त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असावे लागते. दिवसाला साठ रुपयांहून कमी मिळवणारीच म्हातारी निराधार, बाकीच्या सधन! केंद्राची वृद्धापकाळ योजना १९९५ साली ७५ रुपयांवर सुरू झाली. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा आजही २०० रुपयेच आहे. कारखान्यातील कायम कामगाराला १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतून किमान १,००० मिळतात आणि तो आकडा २०१४ पासून हललेला नाही. 'रुपयाचा प्रश्न' ज्याने वाचला आहे त्याला या न हलणाऱ्या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा मला माझे निवृत्तिवेतन सोडायचे आहे का? नाही. ते काढून घेतल्याने आजीला एक पैसाही अधिक मिळणार नाही, वाचलेला पैसा कोठे जातो हे आपण पाहतोच. पण आम्ही संपात घोषणा देताना फलकावर फक्त आमची तारीख लिहितो, 'प्रत्येक प्रौढ' लिहीत नाही, ही आमची उणीव आहे आणि ती मी माझ्या संघटनेच्या बैठकीतही बोलून दाखवली आहे. टाळ्या पडल्या नाहीत. धम्माच्या परंपरेत याला आधार शोधायचा झाला तर दीघ निकायातील कूटदंत सुत्त वाचावे : राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्या असता राजा महाविजिताला पुरोहित सांगतो की शिक्षेने हे थांबणार नाही, शेतकऱ्याला बी आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, राजसेवकाला योग्य वेतन दे. तिथेही सेवक एकटा नाही, शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या रांगेत आहे.

कुंडलमध्ये पेन्शन या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. औंध संस्थानातील हे गाव प्रतिसरकारचे केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेचे तरुण यांचा वावर येथलाच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांनी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. मसूरच्या वाटेवरची तीच शेणोली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले आणि १९८० साली त्याला सन्मान योजनेचे रूप आले. सहा महिने तुरुंगवास किंवा भूमिगत काळ अशी अट होती; स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती तीन महिन्यांची. ही सवलत न्याय्य होती. पण भूमिगत असल्याचा पुरावा म्हणजे पकडवॉरंट किंवा डोक्यावर लावलेले बक्षीस. रात्री उसातून भाकरी पोहोचवणाऱ्या बाईच्या नावे वॉरंट कोण काढणार? निरोप घेऊन चार कोस चालत गेलेल्या पोराची नोंद कोणत्या ठाण्यात असणार? सरकारी वहीत नाव नाही म्हणजे सेवा नाही. महारकीच्या काळी जे घडले त्याचीच ही सौम्य आवृत्ती.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात आजीचे बँकेचे पासबुक वर्गात आणले. श्रावणबाळचे पैसे काही महिने एकदम आले होते, काही महिने आलेच नव्हते. आम्ही फळ्यावर तक्ता काढला : महिना, जमा, शिल्लक, आणि त्या महिन्यातील गव्हाचा भाव. भाव आजीनेच सांगितले, तिला सगळे तोंडपाठ होते. मग इतर मुलांनीही घरची कागदपत्रे आणायला सुरुवात केली. कोणाच्या पणजोबांचे लष्करी सेवेचे पुस्तक निघाले, कोणाच्या घरी वतनाच्या जमिनीचा उतारा.

आपल्या निवासी शाळेच्या इतिहास कक्षात यांच्या प्रती आम्ही जपून ठेवत आहोत. माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या घरी जुनी पेन्शन पुस्तके, वतनाचे कागद, स्वातंत्र्यसैनिक म्हणून केलेले आणि नामंजूर झालेले अर्ज, सैन्यातील दाखले असे काही असेल तर त्याची छायाप्रत द्यावी, ही विनंती आहे. मूळ कागद घरीच ठेवा. ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनी, दहावीचा वर्ग किर्लोस्करवाडीहून गाडीने मसूरला जाणार आहे. ज्यांना बरोबर यायचे आहे त्यांनी आधी कळवावे, कारण पुढच्या प्रवासाला वाहन ठरवावे लागेल.